ॲम्प्लिफायरची घरघर : आवाज दाबू नका, ऐब शोधा

घरातला स्टिरिओ, दुकानातला ॲम्प्लिफायर, मशिदीतले लाऊडस्पीकरचे यंत्र किंवा मंडपातला साऊंड. यांपैकी कशातूनही नात, तकरीर किंवा गाणे सुरू नसताना घरघर येऊ लागली की आपण काय करतो? यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेतो आणि म्हणतो, "भाई, एवढा आवाज बंद करून द्या." या सांगण्यातच पहिली चूक आहे. आवाज बंद करणे हे एक काम आणि आवाजाचे कारण दूर करणे हे दुसरे काम. दोन्हींची मजुरी ग्राहकाकडून सारखीच घेता येते, परंतु दोन्ही कामे सारखी नाहीत.

आपल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर अशा सर्व ठिकाणी अनेक तरुण विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीवर रोजी कमावतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडे यंत्र नेणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी हा पाठ आहे. आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत, या हुनरातले उस्ताद नाही. परंतु एका प्रसंगाने आम्हाला हे शिकावे लागले आणि जे उस्तादांकडून शिकलो ते येथे मांडत आहोत.

आमच्या घरचा प्रसंग

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी स्थानिक कारीगराने जुळवलेला एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर होता. पत्र्याची पेटी, आत जाडजूड ट्रान्सफॉर्मर, मागे तीन पिनांचा प्लग. टीव्हीचा आवाजही त्याच स्पीकरांतून ऐकता यावा म्हणून मुलाने टीव्हीतून एक तार आणून यंत्राला जोडली. त्या दिवसापासून दोन्ही स्पीकरांतून 'घूं' असा आवाज सुरू झाला. एका तरुण मेकॅनिकला बोलावले. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकली. आवाज तत्काळ बंद! आम्ही खूश झालो. मजुरी दिली, वर चहाही पाजला.

पुढे पावसाळा आला. एके दिवशी आमची सून ओल्या फडक्याने ती पेटी पुसत असताना तिला जबर झटका बसला आणि ती मागे भिंतीवर जाऊन आदळली. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. मग तुमसरकडच्या एका वृद्ध उस्तादांना आम्ही बोलावून घेतले. त्यांनी पेटी उघडून पाहिली. ट्रान्सफॉर्मरला दमट हवा लागून त्याचे इन्सुलेशन कमजोर झाले होते आणि वीज पेटीच्या पत्र्यावर उतरत होती. अर्थची पिन जागेवर असती तर ती वीज तारेवाटे जमिनीत गेली असती आणि गळती मोठी असती तर फ्यूज उडाला असता. उस्ताद म्हणाले, "सेठ, पोराने आवाज बंद केला, ऐब तसाच ठेवला. आणि दारावर एक पहारेकरी उभा होता, तोही काढून टाकला."

त्यांनी ट्रान्सफॉर्मर बदलला, तीन पिनांचा चांगला प्लग बसवला आणि यंत्र सुरू केले. 'घूं' पुन्हा हजर! आम्ही चपापलो. उस्तादांनी मात्र यंत्राला हातही लावला नाही. ते टीव्हीमागे गेले आणि केबलची गोल तार उपसून काढली. आवाज नाहीसा झाला. म्हणजे ज्या आवाजासाठी यंत्राची पिन काढली गेली, तो आवाज यंत्राचा नव्हताच.

आवाजाची जात ओळखा

कापडाच्या धंद्यात माल सुती की पॉलिएस्टर याचा संशय आला की आम्ही एक धागा काढून जाळतो. जळक्या कागदाचा वास आला आणि राख भुरभुरीत पडली तर सूत. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. धागा वितळून आकसला आणि कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ठाण कापावे लागत नाही. ॲम्प्लिफायरचेही तसेच आहे. पेटी उघडण्याआधी कान लावून ऐकावे. मुख्य आवाज पाच-सहा जातींचे असतात.

१. खोल, गोल 'घूं'. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असून सेकंदाला ५० वेळा उलटसुलट वाहते. हाच ५० चा ठोका जेव्हा तारांवाटे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वावाटे आत शिरतो, तेव्हा असा आवाज येतो. कारण बहुधा अर्थिंगचा फेरा, खराब शिल्डची तार किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली तार हे असते.

२. खरबरीत 'घर्र'. यंत्राच्या आतील चार डायोडांचा ब्रिज विजेचा उलटा भागही सुलटा करतो, म्हणून ५० चे १०० ठोके होतात. ते गाळून सपाट करण्याचे काम फिल्टर कंडेन्सरचे असते. कंडेन्सर थकला की हे १०० ठोके स्पीकरपर्यंत पोहोचतात.

३. 'सूं' असा वाऱ्यासारखा आवाज. थोडा सूंकार प्रत्येक यंत्रात असतोच, कारण उष्णतेमुळे प्रत्येक रेझिस्टन्समध्ये इलेक्ट्रॉनांची धावपळ चालू असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या जॉन्सन यांनी १९२८ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केले. तेव्हा स्पीकरला कान लावूनच ऐकू येणारा सूंकार हा ऐब नव्हे. खाटेवरून ऐकू येत असेल तर मात्र सुरुवातीच्या भागातील ट्रान्झिस्टर किंवा आयसी तपासावा.

४. 'खरखर' आणि 'कडकड'. नॉब फिरवताना येत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोल. आपोआप येत असेल तर सैल टाका, कमजोर सोल्डर, घासलेले सॉकेट किंवा बिघडत चाललेला ट्रान्झिस्टर.

५. 'टिर्र टिर्र टिर्र'. जवळ ठेवलेला साधा मोबाइल फोन आल्याच्या आधी असा आवाज देतो. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत लहरी सोडतो आणि ते तुकडे यंत्राच्या तारा पकडतात. फोन हात-दीड हात दूर ठेवावा. यंत्र उघडू नये.

६. बारीक 'चीं' किंवा किरकिर. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि यंत्रात बसवलेली ब्लूटूथची पट्टी यांचा हा आवाज.

पेटी उघडण्याआधीच्या पाच परीक्षा

उस्तादांनी आमच्या मुलाला जी रीत शिकवली ती अशी. प्रत्येक परीक्षेत घराचे अर्धे दरवाजे बंद होतात आणि चोर उरलेल्या अर्ध्या भागात सापडतो.

पहिली परीक्षा : व्हॉल्यूम पूर्ण कमी करा. आवाज तसाच राहिला तर ऐब व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा शेवटचा आयसी. आवाज व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला तर ऐब व्हॉल्यूमच्या मागे आहे, म्हणजे बाहेरच्या तारा किंवा सुरुवातीचा भाग.

दुसरी परीक्षा : मागच्या सर्व तारा काढा. फक्त वीज आणि स्पीकर ठेवा. शक्य असल्यास इनपुटच्या सॉकेटमध्ये आतील व बाहेरील टोक एकमेकांना जोडलेला प्लग घाला. आवाज गेला तर यंत्र निर्दोष. आमच्या घरी ही एक परीक्षा त्या तरुणाने केली असती तर पुढचा प्रसंग टळला असता.

तिसरी परीक्षा : तारा एकेक करून परत जोडा. ज्या तारेबरोबर आवाज परत येतो ती तार किंवा तिच्या पलीकडचे यंत्र गुन्हेगार.

चौथी परीक्षा : डावी आणि उजवी इनपुट तार अदलाबदल करा. आवाज दुसऱ्या स्पीकरवर गेला तर ऐब बाहेर. तिथेच राहिला तर ऐब यंत्राच्या त्या बाजूच्या भागात किंवा त्या स्पीकरमध्ये. मग यंत्र बंद करून स्पीकरांची अदलाबदल करून पाहा. दोन्ही बाजूंना सारखा आवाज असेल तर संशय दोघांच्या सामाईक भागावर, म्हणजे पॉवर सप्लायवर किंवा अर्थिंगवर घ्यावा.

पाचवी परीक्षा : ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, चार्जर एकेक करून बंद करा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज वाढतो का तेही पाहा. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर स्वतःही गुरगुरतो आणि स्पीकरमध्येही किरकिर येते. तेथे यंत्राचे भाग बदलणे म्हणजे ग्राहकाचे पैसे पाण्यात घालणे होय.

या पाच परीक्षांना पंधरा मिनिटे लागतात आणि एक पैसाही लागत नाही. घरचा माणूसही त्या करू शकतो.

अर्थिंगचा फेरा म्हणजे काय

आमच्या घरी जे झाले ते अनेक घरांत होते, म्हणून नीट समजून घ्यावे. ॲम्प्लिफायरची पेटी तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थला जोडलेली होती. केबलच्या तारेची बाहेरची जाळी दूर कोठेतरी, खांबावर किंवा दुसऱ्याच इमारतीत, वेगळ्या अर्थला जोडलेली होती. दोन ठिकाणच्या जमिनीत थोड्या व्होल्टचा फरक असतोच. टीव्हीची तार ॲम्प्लिफायरला लावताच दोन अर्थांमध्ये एक पूर्ण फेरा तयार झाला. त्या फेऱ्यातून ५० ठोक्यांचा प्रवाह वाहू लागला आणि तो आवाजाच्या तारेच्या जाळीतूनच वाहत असल्याने यंत्राने त्यालाही आवाज समजून मोठे केले.

पिन काढली की फेरा तुटतो हे खरे. परंतु फेरा तोडायचा तर आवाजाच्या बाजूने तोडावा, जीव वाचवणाऱ्या बाजूने नव्हे. योग्य उपाय असे :

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर हे एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर लावावेत. तरीही आवाज राहिला तर केबलच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावावा, किंवा आवाजाच्या तारेत एकास एक प्रमाणाचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. आवाज चुंबकत्वावाटे पलीकडे जातो, पण तांब्याची जोड राहत नाही, म्हणून फेरा तुटतो. आमच्या घरी या दुसऱ्या उपायाने काम झाले.

ज्यांच्या घरी अर्थच नाही, किंवा उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो, त्यांनी आधी वायरमनकडून अर्थ नीट करून घ्यावा आणि बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचे गळती ओळखणारे आरसीसीबी बसवावे. माणसाच्या जिवापुढे हा खर्च काहीच नाही.

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आला की गावोगावी साऊंड लावणाऱ्या बंधूंनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. तेथे रंगमंच एकीकडे, यंत्र दुसरीकडे, वीज तिसऱ्याच घरून आणि माइक कलाकाराच्या हातात असतो. लांब तारेसाठी तीन पिनांची बॅलन्स्ड माइक तार वापरावी. तिच्यातील दोन तारांवर घूंकार सारखाच चढतो आणि यंत्र दोन्हींतील फरक तेवढा घेते, म्हणून तो आपोआप वजा होतो. परंतु कोणत्याही यंत्राची अर्थची पिन काढू नये. माइक धरलेल्या हाताशी कोणाच्या तरी घरचा कमावता माणूस असतो.

पेटी उघडताना

येथून पुढचे काम शिकलेल्या हाताचे आहे. शागिर्दांनी उस्तादासमोर करावे.

प्लग सॉकेटमधून उपसून काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाही. यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची सवय वाईट आहे. १०० ओहमचा पाच-दहा वॉटचा रेझिस्टन्स काही सेकंद दोन टोकांना लावून ती रिकामी करावी आणि मल्टिमीटरने खात्री करावी. दुरुस्तीनंतर यंत्र थेट विजेवर लावू नये. ६० किंवा १०० वॉटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून लावावे. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

फिल्टर कंडेन्सर

'घर्र' आवाज व्हॉल्यूम कमी केल्यावरही राहत असेल तर पहिला संशय यावर. हिशेब सोपा आहे. १०० ठोक्यांमध्ये दोन ठोक्यांतील अंतर सेकंदाचा शंभरावा भाग. यंत्र एक ॲम्पिअर खात असेल आणि कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल, तर प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज सुमारे २ व्होल्टने खालीवर होते. तोच कंडेन्सर सुकून पाव भाग उरला तर हा खड्डा ८ व्होल्टच्या आसपास जातो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो.

कंडेन्सर का सुकतो? आत ओला द्रव असतो आणि उष्णतेने तो उडतो. जाणकारांचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तास चालणारा कंडेन्सर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास चालेल. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते. त्यात पेटीवर कापड झाकलेले आणि कंडेन्सर हीटसिंकला चिकटून असेल तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ८५ ऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर घालावा आणि तो हीटसिंकपासून दूर बसवावा. कापडाचे व्यापारी असूनही आम्ही सांगतो, ॲम्प्लिफायरवर कापड झाकू नका!

व्होल्टचाही विचार करावा. १८-०-१८ च्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोडांनंतर प्रत्येक बाजूला सुमारे २५ व्होल्ट निघतात आणि विजेचा दाब चढला की आणखी थोडे जास्त. तेथे २५ व्होल्टचा कंडेन्सर घालणे म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर. ३५ किंवा ५० व्होल्टचा घालावा. अधिक-उणे टोके तीनदा पाहून मगच सोल्डर करावे. उलटा लावलेला कंडेन्सर फुटतो आणि डोळ्याला इजा करू शकतो.

कंडेन्सर नवा घालूनही 'घर्र' कायम असेल तर ब्रिजचे चारही डायोड मल्टिमीटरने तपासावेत. एखादा उघडा पडला असेल तर अर्धीच वीज सुलटी होते.

अर्थ व सिग्नलच्या तारा

स्थानिक जुळणीच्या यंत्रांत एक ऐब वारंवार दिसतो. शेवटच्या आयसीची, इनपुटची आणि कंडेन्सरची ग्राउंड तार मिळेल तेथे पत्र्याला डागलेली असते. मग मोठा प्रवाह आणि लहान सिग्नल एकाच वाटेने चालतात. सर्व ग्राउंड तारा कंडेन्सरजवळच्या एकाच बिंदूवर आणाव्यात. पेटीला मात्र अर्थची हिरवी तार वेगळ्या बोल्टने, रंग खरवडून, घट्ट बसवावी. इनपुटची तार शिल्डेड असावी, जाळी एका टोकाला नीट सोल्डर केलेली असावी आणि ती ट्रान्सफॉर्मरपासून लांबून न्यावी. पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर जागीच पाव वळसा फिरवून बसवला तरी 'घूं' कमी होतो. हा बिनखर्चाचा इलाज आधी करून पाहावा.

लांब तार अँटेनासारखी वागते आणि कधी स्पीकरमधून रेडिओच ऐकू येतो. १९८८ मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावर सुरू झाली होती. ती आता बंद झाली आहे, पण शक्तिशाली केंद्राच्या आसपास ही अडचण कोठेही येऊ शकते. तार आखूड करावी, शिल्ड नीट करावी आणि इनपुटवर ग्राउंडकडे १०० पिकोफॅरडचा छोटा कंडेन्सर लावावा.

व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर

आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूचा हात सरकतो. धूळ आणि पावसाळी दमट हवा तेथे बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावा आणि सुकल्यावरच वीज द्यावी. खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये, त्यावर धूळ अधिक चिकटते. पेट्रोल तर मुळीच नको, आगीला आमंत्रण होते.

साफ केल्यावर दोन-चार दिवसांत खरखर परत आली तर पुन्हा साफ करून पैसे घेऊ नयेत. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कंट्रोलच्या टोकांवर पाहावे. तेथे डीसी जवळजवळ शून्य असावा. तो दिसत असेल तर मागचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. खरा ऐब तो आहे, कंट्रोल बिचारा निर्दोष आहे. कंट्रोलची पट्टीच झिजली असेल तर मात्र तो बदलावा.

आपोआप येणारी कडकड

यंत्र सुरू ठेवून लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या काडीने एकेका भागावर हलके टिचकावे. दुसरा हात पाठीमागे ठेवावा आणि पायांत रबरी चप्पल असावी. जेथे टिचकताच कडकड होते तेथील टाका भिंगाखाली पाहावा. टाक्याभोवती बारीक गोल भेग दिसेल. मोठे भाग, सॉकेट आणि तापणारे आयसी यांच्या पायांशी अशा भेगा अधिक असतात. वीज काढून, जुने सोल्डर शोषून घेऊन नवे घालावे. काडीने काही सापडले नाही आणि कडकड यंत्र तापल्यावरच सुरू होत असेल तर थंड करणारा स्प्रे एकेका ट्रान्झिस्टरवर मारावा. ज्याच्यावर मारताच आवाज थांबतो तो बदलावा.

ब्लूटूथची पट्टी

आजकाल जुन्या यंत्रात यूएसबी आणि ब्लूटूथची पट्टी बसवून द्या, असे ग्राहक सांगतात. बसवताच 'चीं' आणि किरकिर सुरू होते. कारण पट्टीतील संगणकी चिप झटक्याझटक्याने वीज ओढते आणि तिची व ॲम्प्लिफायरची ग्राउंड तार एकच असते. म्हणजे हा पुन्हा फेराच, फक्त पेटीच्या आतला. पट्टीला पाच व्होल्टचा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मरची वेगळी वाइंडिंग द्यावी. आवाज पूर्ण स्वच्छ होतो. ग्राहकाला आधीच सांगावे की पट्टीबरोबर हा भागही लागेल.

काम झाल्यावर

सिरीज बल्बवर सुरू करा. अधिक-उणे अशा दोन सप्लायच्या यंत्रात स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टोकांवर डीसी मोजा. शंभर मिलिव्होल्टच्या आत असावा, नाहीतर स्पीकर जळेल. मग पेटी बंद करून, सर्व तारा जोडून दोन तास वाजवा. शेवटी मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन आणि पेटी यांच्यात जोड आहे याची खात्री करा, आणि फेज व न्यूट्रलच्या पिना पेटीला जोडलेल्या नाहीत हेही पाहा. ही शेवटची तपासणी झाल्याशिवाय कोणतेही यंत्र दुकानाबाहेर जाता कामा नये.

धंद्याची गोष्ट

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक ताकीद दिली. ही हदीस आपण सर्वजण ऐकतो. आम्ही कापडवाले ऐब असलेली बाजू घडीच्या आत ठेवून ठाण दाखवू लागलो तर ते ओले धान्यच आहे. आणि आवाज दाबून ऐब पेटीत ठेवून देणे हेही ओले धान्यच आहे. फरक एवढाच की कापडाच्या ऐबाने ग्राहकाचे पैसे जातात आणि विजेच्या ऐबाने जीव जाऊ शकतो.

म्हणून दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या बंधूंना चार गोष्टी सुचवतो. तपासणीची मजुरी आधी सांगा आणि ती निःसंकोच घ्या, कारण ऐब शोधणे हेच मोठे काम आहे. मजुरीच्या करारात मोबदला आधी ठरलेला असावा असे आपल्या फुकहांनीही सांगितले आहे. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात परत द्या. बिलावर कारण आणि उपाय दोन ओळींत लिहा. आणि ऐब यंत्रात नसून घरच्या अर्थमध्ये किंवा केबलमध्ये असेल तर तसे स्पष्ट सांगा, जरी त्या दिवशी एकही भाग विकला गेला नाही तरी. त्या दिवशी भाग विकला जात नाही, विश्वास विकत मिळतो. तोच पुढे ग्राहक आणतो.

ग्राहक बंधूंनाही एक गोष्ट. त्या तरुण मेकॅनिकवर आम्ही पुष्कळ संतापलो होतो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की आम्हीही त्याला फक्त आवाज बंद करायला सांगितले होते, कारण विचारले नव्हते. पिन का काढली, एवढे विचारण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. त्याला बोलावून उस्तादांशी भेट करून दिली. त्याला ठाऊक नव्हते, त्याची नियत वाईट नव्हती. ज्याला ठाऊक नाही त्याला शिकवावे, हा आपल्या कारीगरांचा जुना रिवाज आहे.

आज घरी गेल्यावर आपल्या यंत्रांचे प्लग पाहा. पत्र्याच्या पेटीच्या ज्या यंत्राची तिसरी पिन तुटलेली किंवा काढलेली असेल, ते यंत्र पिन बसवेपर्यंत बंद ठेवा. घरघर थोडे दिवस सहन करता येते. मग सवडीने, वरील रीतीने कारण शोधा. इन्शाअल्लाह ते सापडेल, आणि पुष्कळदा ते पेटीच्या बाहेरच सापडेल.